तीन वह्या भरल्या, मार्क हलेनात

"मॅडम, रात्री दोन-दोनपर्यंत बसतंय पोरगं. तीन वह्या भरल्या प्रश्न सोडवून. मार्क मात्र जिथल्या तिथं."

डिसेंबर संपत आला होता. श्रीनिवासला घेऊन त्याचे आई-वडील माझ्याकडे अभ्यासाचा सल्ला विचारायला आले होते. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरात बोलणं तेलुगू. वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला माग त्यांनी सुरू करून द्यायचा. मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात, आता बारावी सायन्स इंग्रजीतून, आणि डोक्यात एकच गोष्ट, एमएचटी-सीईटी, इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची परीक्षा.

दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत ही तक्रार माझ्याकडे सतत येते. कुणी विचारतं, क्लास बदलू का? कुणी म्हणतं, मोबाइल काढून घेऊ का? आणि काही जण मुलगा पाणी प्यायला बाहेर गेला की आवाज खाली आणून विचारतात, "बुद्धीच तेवढी नसेल का हो?" श्रीनिवासच्या वडिलांनी हे त्याच्यासमोरच विचारलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, फक्त काळजी होती. पण मुलाची मान जी खाली गेली, ती बराच वेळ वर आली नाही.

मी म्हटलं, आधी वह्या दाखव.

प्रत्येक पानावर एक ते शंभर आकडे, पुढे ए, बी, सी, डी, त्यावर लाल पेनाने बरोबर-चूक, आणि खाली बेरीज. एकसष्ट. अठ्ठावन्न. बासष्ट. साठ. तिन्ही वह्यांत कुठे एक आकडेमोड नाही, एक आकृती नाही. चुकलेल्या प्रश्नापुढे लाल फुली, की झालं.

"चुकलेल्यांचं पुढे काय करतोस?"

"उत्तर बघतो. मग पुढचा सेट."

"कधी बघतोस?"

"रविवारी. आठवड्याचे सगळे एकदम तपासतो."

इथेच मला गाठ दिसली. त्याच्याच वहीतल्या जुन्या सेटमधले वीस प्रश्न मी त्याला तिथेच सोडवायला दिले. अट एवढीच की प्रत्येक उत्तरापुढे आणखी एक खूण करायची: खात्री आहे, दोन पर्यायांत अडकलो, की नुसता अंदाज. वीसपैकी बारा बरोबर आले, म्हणजे नेहमीचेच साठ टक्के. पण त्या बारांत खात्रीचे सातच. चार दोन पर्यायांत हेलकावे खाऊन लागलेले, आणि एक निव्वळ नशिबाचा. चार पर्याय असले की डोळे मिटून खूण केली तरी सरासरी चारात एक लागतोच. श्रीनिवास त्या लागलेल्या उत्तरांवर लाल बरोबर करून पुढे जात होता आणि तो भाग आपल्याला येतो असं समजत होता.

त्याहून मला लागलं ते वेगळंच. चुकलेल्या आठांपैकी तीन प्रश्नांपुढे 'खात्री आहे' असं लिहिलं होतं. जुनी वही उघडून पाहिली, तर तीन आठवड्यांपूर्वी त्याने त्या तिन्हींत नेमका तोच चुकीचा पर्याय निवडला होता.

पालकांना हे पटकन पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रश्न सोडवून अभ्यास केला तर नुसतं वाचण्यापेक्षा जास्त लक्षात राहतं, हे खरंच आहे. पण बहुपर्यायी प्रश्नांत चारातले तीन पर्याय खोटे असतात, आणि ते खऱ्यासारखे दिसावेत म्हणून मुद्दाम रचलेले असतात. मुलाने त्यातला एक निवडला आणि दुरुस्ती झाली नाही, तर तो खोटाच पर्याय ओळखीचा होऊन बसू शकतो. हेन्री रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये बहुपर्यायी परीक्षांच्या या दोन्ही बाजू दाखवल्या होत्या. २००८ मध्ये अँड्र्यू बटलर आणि रोडिगर यांना असं दिसलं की सोडवल्यानंतर बरोबर उत्तर कळलं तर हे नुकसान बरंच कमी होतं. श्रीनिवास मात्र सोमवारी चुकायचा आणि रविवारी लाल फुली मारायचा. मधले सहा दिवस ती चूक त्याच्या डोक्यात बरोबर म्हणूनच राहत होती. आणि रविवारीही तो फक्त फुली मारत होता, का चुकलं ते पाहत नव्हता.

त्या तीनांतला एक प्रश्न साबणाच्या फुग्याचा होता. फुग्याच्या आत बाहेरच्यापेक्षा किती जास्त दाब असतो? श्रीनिवासचं उत्तर दोन टी भागिले आर (टी म्हणजे पृष्ठताण, आर म्हणजे त्रिज्या). का, तर "फॉर्म्युला आहे, मॅडम." फॉर्म्युला खराच आहे, पण तो पाण्याच्या थेंबाचा. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका नाही. कॉलेजच्या सरांकडे जा आणि नुसतं उत्तर न विचारता "थेंब आणि फुगा यांत फरक काय" असं विचार, एवढंच त्याला सांगितलं.

जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा झाली, गड्डा, म्हणजे तिथली जत्रा, भरला. धाकट्या बहिणीने गड्ड्यावरून साबणाच्या फुग्यांची बाटली आणली होती. पुढच्या भेटीत श्रीनिवासने आल्या आल्या सांगितलं, "मॅडम, फुग्याला दोन पृष्ठभाग असतात. साबणाच्या पाण्याचा पातळ पापुद्रा, त्याला हवा आतूनही लागलेली आणि बाहेरूनही. थेंबाला बाहेरचा एकच. म्हणून थेंबाला दोन टी, फुग्याला चार टी." हे त्याने बहिणीलाही समजावलं होतं, तेलुगूतून. तिला कळलं की नाही माहीत नाही, त्याला मात्र पक्कं कळलं होतं. आमच्या भेटींत तो आपणहून इतकं बोलला, ती ही पहिली वेळ.

त्याआधी, पहिल्याच दिवशी, आम्ही अभ्यासाची पद्धत बदलली होती. शंभर प्रश्नांचे तीस केले. पर्याय कागदाने झाकून आधी स्वतःचं उत्तर काढायचं, मग कागद सरकवायचा. तीसच्या तीस त्याच रात्री तपासायचे. जे चुकले आणि जे अंदाजाने लागले, तेवढेच वेगळ्या वहीत उतरवायचे आणि खाली एक ओळ लिहायची: मला तो चुकीचा पर्याय बरोबर का वाटला? तीन दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा, मग दहा दिवसांनी पुन्हा. अकरा-साडेअकराला झोप.

वडील अस्वस्थ झाले. "शंभराचे तीस? बाकीची पोरं दिवसाला दोनशे सोडवतात, मॅडम." मी त्यांना विचारलं, मागावर धागा तुटला तर काय करता? "माग थांबवतो. गाठ मारल्याशिवाय चालवला तर पुढचा सगळा टॉवेल डागी." एवढं बोलून ते स्वतःच थांबले. मग म्हणाले, "बरं, पंधरा दिवस बघू."

त्या पंधरा दिवसांत मार्क खाली आले. शेकडा चौपन्न. आईचा फोन आला, आवाज रडवेला. मला याचा अंदाज होता आणि मी तो आधीच सांगायला हवा होता. पर्याय झाकले की नुसत्या ओळखीवर आणि नशिबावर लागणारी उत्तरं गळून पडतात. चौपन्न हा त्याचा खरा आकडा होता, आधीच्या साठांत नशिबाची भर होती. हे मी त्यांना फोनवर दोनदा समजावलं. त्यांना पूर्ण पटलं नसावं, तरी त्यांनी मुलाला बोल लावले नाहीत. त्याचे मला आजही उपकार वाटतात.

वेगळ्या वहीतल्या ओळी जमायला लागल्या तसा एक नमुना दिसू लागला. मला वाटलं होतं, त्याच्या बहुतेक चुका न समजलेल्या धड्यांच्या असतील. निघाल्या तीन तऱ्हेच्या. काही खरंच न कळलेल्या. काही एककांच्या, सेंटिमीटरचे मीटर न केल्याच्या. आणि बऱ्याच 'नॉट' हा शब्द न वाचल्याच्या: चुकीचं विधान विचारलेलं असताना याने बरोबर विधान निवडलेलं. सीईटी संगणकावर असते, तिथे प्रश्नाखाली रेघ मारता येत नाही, म्हणून असा प्रश्न आला की कच्च्या कागदावर आधी मोठी फुली काढायची सवय त्याने लावून घेतली. अकरावीचा भागही उघडा पडला. सीईटीत अकरावीला साधारण वीस टक्के वजन असतं आणि याने अकरावीची पुस्तकं रद्दीत दिली होती. शेजारच्या मुलीची आणली.

वेगाची चिंता पालकांना असतेच, आणि ती रास्त आहे. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्नांना नव्वद मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला चौपन्न सेकंद. गणिताच्या पन्नास प्रश्नांना पुन्हा नव्वद. पण न समजता वाढवलेल्या वेगात चुकाच लवकर होतात. आम्ही घड्याळ लावलं ते बोर्डाची परीक्षा संपल्यावर. तेव्हा जुन्या पद्धतीच्या, पर्याय न झाकता सोडवलेल्या सेटमध्ये तो एकाहत्तर-बहात्तरला आला होता. कार्बनी रसायन शेवटपर्यंत त्याला जड गेलं, ते काही सुटलं नाही.

एप्रिलच्या भर उन्हात शेवटची भेट झाली. वडील सोबत होते. मी त्यांच्यासमोरच श्रीनिवासला म्हटलं, "डिसेंबरात बुद्धीबद्दल विचारलं गेलं होतं, त्याचं उत्तर राहिलंय. स्वतःच्या चुका रोज रात्री उघडून बघायला जे लागतं, ते तुझ्याकडे आहे." वडिलांनी काही न बोलता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

जाताना त्याने विचारलं, "न येणारे प्रश्न सोडून देऊ का?"

सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही, असं सांगितलं. वर्गातली त्याची मित्रमंडळी जेईई मेनही देणार होती. तिथे बरोबरला चार आणि चुकीला वजा एक, त्यामुळे ती गोष्ट वेगळी. "तू शेवटची पाच मिनिटं राखून ठेव. उरलेल्यांतले जे पर्याय नक्की चूक वाटतात ते आधी बाद कर, मग राहिलेल्यातून निवड."

कॉम्प्युटर शाखा त्याला मिळाली नाही, इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला, इथेच सोलापुरात. कॉलेज सुरू झाल्यावर एकदा येऊन गेला. पहिल्या चाचणीत दोन गणितं चुकली होती, आणि ती उतरवून घ्यायला त्याने नवी वही घेतली होती.