हेल्पलाइनने खरंच जीव वाचतो का?

प्रश्न: आत्महत्येचे विचार येणाऱ्याला सगळे हेल्पलाइनचा नंबर देतात, पण अनोळखी माणसाशी थोडा वेळ बोलून काय होणार? मला तर नुसती फॉर्मॅलिटी वाटते.

उत्तर: शंका रास्त आहे, कारण फोन केला नसता तर काय झालं असतं हे सिद्ध कसं करणार, आणि मुद्दाम कुणाचा फोन न उचलता बघू असा प्रयोग तर कुणी करू नये. तरी २००७ मध्ये अमेरिकेत संशोधक मॅडलिन गूल्ड यांच्या टीमने हेल्पलाइनवर आलेल्या कॉलच्या सुरुवातीची आणि शेवटची मनःस्थिती तपासली, तर बोलता बोलताच मरायची इच्छा कमी झालेली दिसली आणि पुढच्या काही आठवड्यांत निराशाही उतरली. पण त्याच वर्षीच्या ब्रायन मिशारांच्या अभ्यासात फोन घेणारे बरेच जण आत्महत्येबद्दल थेट विचारतच नव्हते, म्हणजे फोनवर कोण बसलंय, किती ट्रेनिंग झालंय यावर खूप आहे. (थेट विचारलं की डोक्यात विचार घुसतो ही भीती उगाचच हं.) नंतर हेल्पलाइनकडून परत चौकशीचा फोन आला तर तोही उपयोगी पडतो.

ओळखीत कुणाबद्दल काळजी असेल तर नंबर देऊन मोकळे होऊ नका, शेजारी बसून कॉल लावून द्या, आणि धोका आत्ताचाच असेल तर त्यांना एकटं न सोडता सरळ इमर्जन्सी मदत बोलवा.