सिएटल परिसरात मासे मोजण्याचं आणि पाणलोट जपण्याचं स्वयंसेवी काम नेमकं काय असतं? जीवशास्त्र न शिकलेल्या माणसाला जमेल का?

जमेल. तुम्ही लिहिलंय की सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला येऊन वर्ष झालं, काम संगणकावरचं आहे, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं, आठवड्याची एक सकाळ मोकळी मिळते आणि नऊ वर्षांच्या मुलीलाही न्यायचंय. एवढ्या भांडवलावर हे काम होतं. मी स्वतः कॉमर्सची. इथला पाऊस ऑक्टोबरात सुरू झाला की मी सॅल्मनच्या पाहणीला जाते आणि पुढे थंडीभर ओढ्याकाठी झाडं लावायला.

सॅल्मन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या ओढ्यात येतो. स्वयंसेवकाच्या वाट्याला त्या ओढ्याचा एक ठरलेला तुकडा येतो, अमक्या पुलापासून तमक्या वळणापर्यंत. हंगामभर ठरल्या वारी तो तुकडा दोघांनी मिळून खालून वर चालत जायचा. मासे प्रवाहाकडे तोंड करून असतात, त्यामुळे मागून येणारा माणूस त्यांना उशिरा कळतो. शिवाय आपल्या पायांनी उठलेला गाळ मागे वाहून जातो आणि पुढचं पाणी नितळ राहतं. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. जिवंत किती, मेलेले किती, जात कोणती, नर की मादी, घरटी किती, पाणी चढलेलं की उतरलेलं, गढूळ की स्वच्छ.

सॅल्मनच्या जाती ओळखणं प्रशिक्षणात शिकवतात आणि दोन-चार फेऱ्यांत डोळा बसतो. चम माशाच्या अंगावर जांभळट उभे पट्टे असतात आणि नराचे दात बाहेर आलेले दिसतात. कोहो कुशीला लालसर होतो, नराचं नाक आकड्यासारखं वळतं. चिनूक आकाराने सर्वांत मोठा, त्याच्या खालच्या हिरड्या काळ्या. सॉकायचं अंग लाल आणि डोकं हिरवं, त्यात चुकायला जागाच नाही. पिंक या भागात मुख्यतः विषम सालांतच येतो.

घरटं ओळखायला थोडा जास्त वेळ लागतो. मादी कुशीवर वळून शेपटीने खडी उकरते, खड्ड्यात अंडी घालते आणि वरच्या अंगाची खडी उकरून ती झाकते. त्या जागी शेवाळ निघून गेल्याने दगड आजूबाजूपेक्षा उजळ दिसतात, एक खोलगट भाग आणि त्याच्या खालच्या अंगाला उंचवटा. इथे अशा घरट्याला रेड (redd) म्हणतात. त्याच्यावर पाय पडता कामा नये. खाली दोन-तीन हजार अंडी असू शकतात आणि ती वसंतापर्यंत तिथेच राहणार असतात, आधी अंडं म्हणून, मग पोटाला बलकाची पिशवी लागलेलं पिल्लू म्हणून. म्हणून मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी माशांपेक्षा दगड बघायला लावते.

मेलेला मासा जिवंत माशापेक्षा जास्त सांगतो. हे सगळे सॅल्मन एकदाच वीण करतात आणि मरतात, त्यामुळे मेलेले मासे दिसणं ही इथे वाईट बातमी नसते. त्याची लांबी मोजायची, मादी असेल तर पोट उघडून आत गाबोळी, म्हणजे अंडी, उरली आहे का बघायचं. पोट रिकामं असेल तर तिने आपलं काम पुरं केलं. मग पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून शेपटी कापून मासा होता तिथेच ठेवायचा. तो उचलून फेकायचा नाही. समुद्रातून आणलेलं सगळं सत्त्व तो ओढ्याला देणार असतो. पाण्यातले किडे, पक्षी, रॅकून आणि काठची झाडं त्यावर पोसतात, आणि त्याच किड्यांवर पुढे पिल्लं वाढतात. पहिल्यांदा चाकू हातात घेताना हात थबकतो, वासही येतो. मला यात कधीच किळस वाटली नाही, पण बरोबरीच्या काही जणींना वाटली आणि त्यांनी फक्त लिहिण्याचं काम घेतलं. तेही तितकंच लागतं.

आता मला या कामातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. बऱ्याच दिवशी एकही मासा दिसत नाही. पावसात दीड तास चालून तक्त्यावर शून्य लिहायचं असतं. नवे लोक इथे गळतात, कारण त्यांना वाटतं की आज काही झालंच नाही. पण ते शून्य नसेल तर पुढच्या आठवड्यातल्या आठ माशांना अर्थ नाही. मासे कधी आले, किती दिवस टिकले, गेल्या वर्षीपेक्षा उशिरा आले का, हे सगळं त्या शून्यांवरून कळतं. कोरा रकाना म्हणजे कोणी गेलंच नाही. शून्य म्हणजे कोणीतरी जाऊन, नीट बघून आलं. शास्त्रज्ञ दर आठवड्याला प्रत्येक ओढ्यावर उभे राहू शकत नाहीत, म्हणूनच तर आपल्याला बोलावतात. त्यांना आपल्याकडून हुशारी नको असते, नेम हवा असतो.

नेमाने बघण्यातून काय निघतं त्याचं उदाहरण वेस्ट सिएटलच्या लाँगफेलो क्रीकचं. नव्वदच्या दशकात सिएटलमधले ओढे सुधारायला घेतले, काठ दुरुस्त केले, कोहो परत येऊ लागले. आणि आल्या आल्या मरू लागले. पाऊस पडला की काही तासांत मासा पृष्ठभागावर तोंड वासत गोल गोल फिरायचा, तोल जाऊन आडवा व्हायचा, संपायचा. माद्यांची पोटं उघडली तर गाबोळी जशीच्या तशी. शहरातल्या काही ओढ्यांत हे प्रमाण हंगामात आलेल्या कोहोंच्या ६० ते १०० टक्क्यांपर्यंत नोंदलं गेलं. पाणी तपासलं, रोग तपासले, काही सापडेना. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात उत्तर छापून आलं. टायरच्या रबराला ओझोनने भेगा पडू नयेत म्हणून ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६पीपीडी-क्विनोन होतं, टायरच्या झिजेबरोबर ते रस्त्यावर पसरतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यात उतरतं. कोहोला त्याची अगदी सूक्ष्म मात्राही मारते. त्याच पाण्यात चम मात्र तगून राहतो.

लाँगफेलोच्या काठाने आजही प्युजेट साउंडकीपर या संस्थेचे स्वयंसेवक शरदात फिरतात आणि गाबोळीसकट मेलेल्या माद्या मोजतात. पोटभर अंडी घेऊन मेलेली कोहो हातात धरली की पोटात कालवतं. ती महासागर ओलांडून, सील आणि जाळी चुकवून आली होती, आणि घरापासून शंभर पावलांवर आपल्या गाड्यांच्या टायरांनी तिला मारलं.

इथे मासेमोजणी संपून पाणलोटाचं काम सुरू होतं. आपल्याकडे पाणलोट म्हटलं की डोळ्यांपुढे समतल चर, गॅबियन बंधारे आणि ‘माथा ते पायथा’ येतं. पाणी अडवायचं, जिरवायचं, विहिरींना पाझर आणायचा. इथे पाण्याची टंचाई हे कारण नाही, पण उपाय आश्चर्य वाटावं इतके तेच आहेत. छपरावरचं, पार्किंगचं, हमरस्त्याचं पाणी सरळ नळातून ओढ्यात सोडण्याऐवजी ते वरच थांबवायचं आणि मातीत मुरवायचं. वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतलेल्या रस्त्याच्या पाण्यात कोहो जगतात, हे प्रयोगांनी दाखवलंय. म्हणून ठिकठिकाणी पर्जन्यबागा, म्हणजे पाणी मुरवणाऱ्या खोलगट बागा, खणतात आणि त्या खणायला माणसं लागतात. कोहोची पिल्लं समुद्रात जाण्याआधी वर्षभर ओढ्यातच राहतात, म्हणजे त्यांना उन्हाळ्यातही सावली आणि गार पाणी हवं. त्यासाठी काठची झाडं.

झाडं लावण्याचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, कारण पाऊस. त्याआधी बाहेरून येऊन माजलेल्या हिमालयन ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या आणि आयव्हीचे वेल मुळासकट काढावे लागतात. हे काम कष्टाचं आहे, जाड हातमोजे घाला. मग वेस्टर्न रेड सिडार, सॅल्मनबेरी, नेचे लावायचे, विलोच्या फांद्यांची छाटकलमं ओल्या काठात ठोकायची, बुंध्याभोवती लाकडाच्या बारीक तुकड्यांचं आच्छादन करायचं, पण खोडाला टेकू द्यायचं नाही. जगली की नाही ते पुढच्या उन्हाळ्यात कळतं, आणि तेव्हा पाणी घालायला माणसं कमी पडतात. खरी मदत करायची असेल तर ऑगस्टमध्ये जा.

आणखी एक गोष्ट नव्याने आलेल्या आपल्या लोकांना कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. इथला मासा हा फक्त निसर्गाचा विषय नाही. अमेरिकन सरकारशी झालेल्या १८५४-५५ च्या करारांत इथल्या आदिवासी राष्ट्रांनी जवळजवळ सगळी जमीन दिली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखला. तो हक्क पुढे पायदळी तुडवला गेला. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्यायोग्य माशांतला अर्धा वाटा त्यांचा आहे. मासाच उरला नाही तर हक्काचा उपयोग काय, हा पुढचा प्रश्न रस्त्यांखालच्या नळमोऱ्यांपर्यंत गेला. उंचावर बसवलेल्या किंवा अरुंद मोरीतून मासा वर चढू शकत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चार-चार असे विभागले गेले आणि खालच्या न्यायालयाचा आदेश कायम राहिला. त्यामुळे राज्याला अशा शेकडो मोऱ्या बदलाव्या लागताहेत. मोरी बदलल्यावर वरच्या अंगाला मासे पोचले का, हे कुणीतरी जाऊन बघावं लागतं. सिएटलच्या कार्कीक पार्कमधल्या पायपर्स क्रीकला आज चम येतात तेही सुक्वामिश जमातीच्या मत्स्यबीज केंद्रातल्या पिल्लांमुळे. दर वसंतात ती पिल्लं पार्कातल्या तळ्यात काही आठवडे ठेवतात, म्हणजे त्या पाण्याचा वास त्यांच्यात मुरतो. त्यांना खाऊ घालण्याचं काम स्वयंसेवकांचं.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. छातीपर्यंतचे वेडर, म्हणजे पाण्यात उतरायचे जलरोधक कपडे, बहुतेक संस्था देतात. ध्रुवित काचांचा चष्मा मात्र स्वतःचा घ्या, त्याशिवाय पाण्यावरच्या चकाकीतून मासा दिसत नाही. एका ओढ्यातून दुसऱ्यात जाताना बूट घासून, धुऊन, पूर्ण वाळवून जा, कारण न्यूझीलंडची एक इवलीशी गोगलगाय बुटांच्या तळव्यांतून पसरते. जिवंत माशाला हात लावायचा नाही. प्युजेट साउंडचा, म्हणजे सिएटललगतच्या खाडीचा, चिनूक १९९९ पासून आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन येणारा ट्राउट) २००७ पासून संघराज्याच्या कायद्याने संरक्षित आहेत, आणि माशांची हाताळणी संस्थेच्या परवान्याखालीच होते. कुत्रा असेल तर घरी ठेवा. कच्चा सॅल्मन खाल्ल्याने कुत्र्याला होणारा आजार वेळीच उपचार न मिळाल्यास जीव घेतो.

मुलीबद्दल. वाहत्या ओढ्यातल्या पाहणीला तिला नेऊ नका, घेणारही नाहीत. पण नोव्हेंबरातल्या शनिवार-रविवारी पायपर्स क्रीकवर सॅल्मन स्टुअर्ड उभे असतात, ते मुलांना मासे दाखवून समजावतात. त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरात बेलव्ह्यूजवळच्या इसाक्वाच्या १९३६ सालच्या मत्स्यबीज केंद्रात चिनूक उड्या मारताना अगदी समोर दिसतात.

आणि तुमच्या बेलव्ह्यूतच एक काम आहे, जे मला मनापासून आवडतं. वसंतात, साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, पीमाउथ नावाचा कार्पच्या गोतावळ्यातला स्थानिक मासा लेक वॉशिंग्टन तळ्यातून केल्सी क्रीकसारख्या ओढ्यांत चढतो. थव्यांनी येतो, उथळ पाण्यात अंडी घालतो आणि दोन-तीन दिवसांत परत जातो. आम्हा रायगडकडच्यांना ही वलगणच वाटते: पहिल्या पावसात ओहोळातून शेतात चढणारे गाबोळीने फुगलेले मासे, तीच घाई, तीच खळबळ. आपल्याकडे त्या दिवसांत लोक जाळी, पाग घेऊन धावतात आणि अंडी पडण्याआधीच मासा टोपलीत जातो, याचं मला आता फार वाईट वाटतं. बेलव्ह्यूमध्ये शहराच्या स्ट्रीम टीमने या माशासाठी राखणदार नेमलेत. काठावरून बघायचं, दिसले की कळवायचं, नाही दिसले तरी कळवायचं. पाण्यात उतरावं लागत नाही. शहराच्या कार्यालयात फोन करून ‘पीमाउथ पेट्रोल’ विचारा आणि मार्चमध्येच नाव द्या. मुलीच्या हातात तक्ता द्या, तुम्ही फक्त छत्री धरा.