पाय बघायचे की घर?

प्रश्न : ताई, मी आणि माझी मावसबहीण दोघी फिगर स्केटिंगच्या, म्हणजे बर्फावरच्या नाच-उड्यांच्या खेळाच्या वेड्या. आपल्याकडे हे बघणारं कोण आहे म्हणून आम्हीच मराठीत रील टाकायला लागलो. लुट्झ आणि फ्लिप या दोन उड्यांमधला फरक समजवायला तीन संध्याकाळी घातल्या, बघितलं दोनशे जणांनी, त्यातले निम्मे नातेवाईक. आणि 'या दोघांचं जमलंय का' म्हणून टाइमपास रील पंधरा मिनिटांत केला तर थेट चाळीस हजार! आता बहीण म्हणते हेच करू, आई म्हणते लोकांच्या घरात कशाला डोकावता. गॉसिप मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. काय करू? (इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : अगं आवडतं तर आवडतं, त्यात लाजायचं काय. आम्ही चौघी मैत्रिणी कॉलेज रोडला मिसळ खायला बसलो की दुसरी तर्री येईपर्यंत कोणाचं तरी लग्न मोडून झालेलं असतं. आणि हा खेळ तर स्वतःच मसाला पुरवतो. स्पर्धा संपल्या संपल्या धापा टाकणाऱ्या पोरीला कोचशेजारी बसवायचं, कॅमेरा तोंडावर लावायचा, मार्क येईपर्यंत हलू द्यायचं नाही, आणि त्या जागेचं नावच 'किस अँड क्राय'! तेव्हा कोचचं पडलेलं तोंड, मांडवाची झालर वाटावी असा ड्रेस, दरवर्षी तीच तीच गाणी, यावर खुशाल हसा, रिंकवर जे सगळ्यांसमोर मांडलंय ते फॅनचंच.

पण गॉसिप खेळ कसा खाऊन टाकतं ते बघ. जानेवारी 1994 मध्ये डेट्रॉइटला अमेरिकेची स्केटर नॅन्सी केरिगन हिच्या पायावर दांडका मारला, आणि त्यामागे तिची प्रतिस्पर्धी टोन्या हार्डिंग हिच्या नवऱ्याचा, म्हणजे तेव्हा माजी झालेल्या नवऱ्याचा हात निघाला. ही गोष्ट स्केटिंग कशाशी खातात हे माहीत नसणाऱ्यालाही ठाऊक असते. आता सांग, त्या लिलेहॅमर ऑलिम्पिकचं सोनं कोणाला मिळालं? केरिगनला रौप्य, हार्डिंग आठवी, आणि सोनं युक्रेनच्या ओक्साना बाइउलला, जेमतेम सोळा वर्षांची पोर, ती कोणाच्या लक्षातच नाही. हार्डिंगने 1991 मध्ये स्पर्धेत ट्रिपल ॲक्सल, म्हणजे हवेत साडेतीन फेऱ्यांची उडी, मारला होता, अमेरिकन बाईने पहिल्यांदाच, तेही त्या दांडक्याखाली गेलं.

आणि जपानचा स्केटर युझुरू हान्यू तर तुम्हा दोघींचा लाडका असणारच. 2014 आणि 2018 ची दोन ऑलिम्पिक सोनी, त्याचं झालं की बर्फावर पिवळ्या 'विनी द पू' खेळण्यातल्या अस्वलांचा पाऊस, गोळा करता करता पोरं दमायची. प्रेम म्हणजे किती! त्याने ऑगस्ट 2023 मध्ये लग्न झाल्याचं सांगितलं, बायकोचं नावही सांगितलं नाही, आणि नोव्हेंबरमध्ये घटस्फोट झाल्याचं सांगायची वेळ आली. कारण दिलं ते पाठलाग, बदनामी, बायकोला घराबाहेर पाय टाकता येईना. यात शत्रू कोणी नव्हतं गं, 'आम्हाला फक्त जाणून घ्यायचंय' म्हणणारे पण होते. तुझी आई म्हणते ते हेच, फक्त तिला हान्यू माहीत नाही.

म्हणून 'जमलंय का' बंद करा. पोरींच्या वजनावर तर एक अक्षर नको, यातल्या कितीतरी अजून शाळेच्या वयाच्या असतात, सीनियरचं किमान वय 15 वरून 17 करायला 2022 साल उजाडावं लागलं. आणि तो लुट्झचा रील चालला नाही कारण तुम्ही तो शिकवणीसारखा केला असणार, पैज लावते. त्यात पण चोर पकडायची मजा आहे की. उडी घ्यायच्या आधीची शेवटची फ्रेम थांबवा आणि ब्लेडवर झूम करा. लुट्झ असेल तर पाय बाहेरच्या धारेवर झुकलेला हवा, पण कित्येकजणी शेवटच्या क्षणी हळूच आतल्या धारेवर येतात, म्हणजे नाव लुट्झचं आणि उडी फ्लिपची. मग मार्कांच्या कागदावर त्या उडीपुढे बारीकसा 'e' येतो, म्हणजे धार चुकली. फ्रेम दाखवा, मग तो 'e' दाखवा, वर डायलॉग टाका 'पकडली!' ही टीकाच आहे, पण पायावरची.

प्रश्न : 2014 ला सोची ऑलिम्पिकमध्ये दक्षिण कोरियाची युना किम एकदाही चुकली नाही, तरी सोनं रशियाच्या सोत्निकोवाला. हे ठरवूनच ना? मी त्या दिवसापासून स्केटिंग बघणं सोडलं. (पंचवटी)

उत्तर : काका, एवढा राग धरून बसलात! मलाही तेव्हा युनाच हवी होती. पण सोत्निकोवाचे 224.59 आणि युनाचे 219.11 हे आकडे उघडून बघितले तर सोत्निकोवाच्या फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या, लांब कार्यक्रमात, सात ट्रिपल (तीन फेऱ्यांच्या) उड्या होत्या, युनाच्या सहा. सोत्निकोवाचं एक लँडिंग गडबडलं, तरी उड्यांच्या मूळ किमतीत ती पुढेच. आता संशय कुठे घ्यायचा तर परीक्षकांत, एक बाई रशियन फेडरेशनच्या बड्या अधिकाऱ्याची पत्नी होत्या, आणि कोणत्या जजने किती दिले हे तेव्हा कळतच नव्हतं, नावं झाकलेली. ती झाकपाक 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधल्या जोड्यांच्या स्पर्धेतल्या राड्यानंतर आली, फ्रेंच जजवर दबाव आल्याचं निघालं आणि कॅनडाच्या जोडीला नंतर दुसरं सोनं द्यावं लागलं. जजवर दबाव येऊ नये म्हणून नावं झाकली आणि उलट संशयच वाढला. 2016 मध्ये ती पद्धत बंद केली, आता कोणी किती दिले ते दिसतं. तेव्हा 'ठरवूनच' असं मी छातीठोक म्हणणार नाही, 'नावं का झाकली' असं मात्र जरूर भांडेन. आणि आता बघायला लागा परत, इंदिरानगरच्या त्या दोघींना प्रेक्षक हवेत.

प्रश्न : नऊ जज असतात तर एखाद्याने मुद्दाम कमी दिले तर? (सातपूर)

उत्तर : प्रत्येक घटकाला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी मार्क काढून टाकतात, उरलेल्या सातांची सरासरी घेतात. एकट्याचं फारसं चालत नाही, दोघातिघांनी मिळून केलं तर चालतं.