‘औषधाची सवय’ नेमकी कोणाला?

प्रश्न : माझ्या आईला लघवीच्या जळजळीवर दिलेल्या सेफिक्झिमच्या गोळ्यांनी गुण आला नाही. सांगलीला लघवीचे कल्चर केल्यावर ‘ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असा अहवाल आला आणि डॉक्टरांनी औषध बदलले. आईच्या अंगाला औषधाची सवय झाली आहे का? घरातल्यांना धोका आहे का?
— एक वाचक, वाळवा तालुका (जि. सांगली)

उत्तर : आपल्याकडे सर्रास असे म्हटले जाते, पण आईच्या अंगाला कसलीही सवय झालेली नाही; जे घडले आहे ते ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूत. पेनिसिलिन आणि सेफिक्झिम या एकाच कुळातल्या औषधांच्या गाभ्यात चार अणूंचे एक ताणलेले कडे असते, आणि त्याच्याच बळावर ती जंतूची भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला चिकटून बांधकाम थांबवतात. बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने नेमके तेच कडे फोडते आणि स्वतः न झिजता पुढच्या रेणूकडे वळते. ईएसबीएल हे त्याचेच अधिक औषधे फोडणारे रूप.

दगडी, म्हणजे कासेचा दाह, झालेल्या गाईच्या सडात या कुळातले औषध सोडले, की त्या दुधाला विरजण लागत नाही, हे आपल्या भागात गोठ्यावर वावरणाऱ्यांना सांगायला नको. दह्याच्या जंतूंपाशी सहसा हे विकर नसते, म्हणून ते बिचारे मरतात.

हे विकर माणसाच्या औषधांमुळे जन्मले असेही नाही. पेनिसिलिन रुग्णांना सर्रास मिळू लागण्यापूर्वीच, १९४० साली, अब्राहम आणि चेन या संशोधकांनी ई. कोलायमध्ये पेनिसिलिन नष्ट करणारे विकर नोंदवले होते. आपण वारेमाप औषधे वापरून ते बाळगणाऱ्या जंतूंना रान मोकळे करून दिले, आणि त्याचे जनुक बहुधा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या वेटोळ्यावर असल्याने एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाते.

प्रयोगशाळेत जंतू वाढवलेल्या ताटलीवर औषधाच्या चकत्या ठेवतात. नुसत्या औषधापेक्षा क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मिसळलेल्या चकतीभोवतीचे, जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ ५ मिलिमीटर किंवा अधिक मोठे झाले, तर ईएसबीएल निश्चित होते, कारण ते आम्ल या विकरालाच अडकवून ठेवते.

शेजारी बसल्याने हे जंतू लागत नाहीत. ते आतड्यात राहतात, म्हणून शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वी सर्वांनी साबणाने हात धुवावेत. बदललेले औषध डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस द्यावे आणि हा अहवाल जपून ठेवावा. पुढे कधी ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्या भेटीतच तो दाखवावा.