गंजावर मारलेले ठिपके

प्रश्न : वडिलांची १९६५ सालची शेवरोले इम्पाला आमच्याकडे आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे. डिकीचा तळ गंजला होता म्हणून नागपुरात वाडीकडच्या एका गॅरेजला ६६,००० रुपयांत काम दिलं. गंजका पत्रा कापून नवा जोडायचा, प्रायमर मारायचा आणि त्यावर मूळ गाडीसारखा करडा-पांढरा ठिपकेदार रंग. रंगाचे डबे बाहेरून मागवून मीच दिले. ४८,००० रुपये यूपीआयने दिले. बाकी पुढच्या महिन्यात घेतो असं मालकच म्हणाला, ते राहून गेलं. जानेवारीत गाडी घरी आली. जूनमध्ये पाऊस लागला आणि रंगाला फुगे आले. नखाने खरवडलं तर खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी), तिच्याखाली जुना गंज. गाडी दाखवायला नेली तर मालक म्हणतो, ‘भाऊ, पाणी तुमच्या काचेतून येऊन राहिलं, त्याले मी काय करू?’ आता १८,००० रुपये आणि रोजचे २०० रुपये पार्किंग भरल्याशिवाय गाडी सोडायला तयार नाही. कच्च्या बिलावर ‘रंगाची गॅरंटी नाही’ असा शिक्का आहे. मेव्हणे म्हणतात पोलिसांत जा. काय करावं?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र, बिलाचा फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश वाचले. मेव्हण्यांचा सल्ला तूर्त बाजूला ठेवा. ठाण्यात गेलात तर विश्वासघाताचं कलम लावायला सांगाल आणि ठाणेदार ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवतील. ते चूकही नसेल. गाडी आपण स्वतः नेऊन दिली आणि गॅरेजवाला पैशांसाठी ती अडवून बसला आहे. त्याच्या हक्काचं पुढे बघू, पण त्यात अप्रामाणिक हेतू सिद्ध करणं जड जाईल आणि चार महिने फुकट जातील.

सगळ्यात आधी गाडी बाहेर काढायची आहे. आपला अख्खा पुरावा त्या डिकीत आहे आणि डिकी समोरच्याच्या ताब्यात आहे. एका दुपारी त्याने फुगे घासून, लांबी उचकटून पुन्हा रंग मारला तर आपल्याकडे मोबाइलमधले दोन फोटोच उरतील.

आता त्याच्या हक्काचं बघू. कारागिराला असा हक्क आहे, हे खरं. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, दिलेल्या वस्तूवर कौशल्याचं काम केलं असेल तर त्याची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. पण त्याच कलमाखाली कायद्याने स्वतः एक उदाहरण दिलं आहे. शिंप्याला कोटासाठी कापड दिलं, कोट होताच देईन आणि पैशांसाठी तीन महिने थांबेन असं शिंपी म्हणाला, तर पैशांसाठी तो कोट अडवू शकत नाही. आपल्या गॅरेजवाल्याने जानेवारीत गाडी देऊन टाकली आणि बाकीसाठी महिन्याची मुदतही स्वतःच दिली. ताबा सोडला की हा हक्क संपतो. जूनमध्ये गाडी तक्रार दाखवायला आत गेली म्हणून जुन्या बाकीचा हक्क पुन्हा जिवंत होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय कलमाची अट आहे की काम ठरल्या उद्देशाप्रमाणे झालेलं असावं. गंज काढायला दिलेल्या तळात गंज तसाच असेल तर ती अटही पुरी होत नाही.

पार्किंगचं तर नावच काढू नका. स्वतःच्या येणे रकमेसाठी गाडी अडवणाऱ्याला त्या अडवणुकीचं भाडं मिळत नाही. तसा करार असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या कागदात तसं काहीच नाही.

एवढं सगळं आपल्या बाजूने असताना मी म्हणेन, १८,००० रुपये भरून टाका. कायद्याने आपण बरोबर असाल, पण ते ठरायला वेळ लागेल आणि तोवर साठ वर्षांची गाडी वाडीच्या उघड्या आवारात भिजत राहील. पैसे रोख देऊ नका. खात्यात टाका आणि त्याआधी संदेश पाठवा : ‘कामाच्या दर्जाबाबत व या रकमेबाबत माझी हरकत कायम ठेवून, केवळ गाडीचा ताबा मिळावा म्हणून ही रक्कम देत आहे.’ हे वाक्य पाठवलं की पैसे भरणं म्हणजे काम मान्य करणं, असं त्याला म्हणता येणार नाही. गाडी घेताना डिकी उघडून, दिवसाच्या उजेडात, न थांबवता एक व्हिडिओ काढा. तो ‘काम समाधानकारक’ अशा कागदावर सही मागेल. करू नका. पैसे घेऊनही गाडी दिली नाही तर ग्राहक आयोगात तक्रारीसोबत अंतरिम आदेश मागता येतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८(८) मध्ये तशी तरतूद आहे.

गाडी घरी आली की हात आवरा. दुसऱ्या पेंटरने ७२,००० रुपये सांगितले आणि तो उद्यापासून बसायला तयार आहे, असं आपण लिहिता. त्याच्याकडून लेटरहेडवर तपशीलवार अंदाजपत्रक घ्या आणि त्याला थांबवा.

आपलं पत्र वाचताना एक जाणवलं. आपला सगळा राग ठिपक्यांवर आहे : ठिपके मोठे आले, पांढरा जास्त दिसतो, मूळ गाडीसारखं वाटत नाही. आयोगापुढे हे सांगू नका, किंवा शेवटी एका ओळीत सांगा. साठच्या दशकातल्या शेवरोलेच्या डिकीत असा रंग कंपनीने शोभेसाठी मारला नव्हता. वेल्डिंगचे डाग, पत्र्याचे सांधे, सामान ओढल्याचे ओरखडे त्यात लपून जातात आणि पत्रा घासून गुळगुळीत करायची गरज राहत नाही, म्हणून मारला. आपल्या गॅरेजवाल्याने त्याच गुणाचा फायदा घेतला. सपाट काळ्या रंगात ती लांबी पहिल्याच दिवशी दिसली असती. फवाऱ्याचा दाब कमी-जास्त झाला की ठिपक्यांचा आकार बदलतोच, त्यामुळे त्यावर भांडलात तर ‘ही आवडीनिवडीची बाब आहे’ असं समोरचा वकील म्हणेल आणि आयोगाच्या सदस्यांना ते पटेल. पत्रा कापून नवा जोडतो, असं लिहून द्यायचं, त्याचे पैसे घ्यायचे आणि गंजावर लांबी फासायची, ही मात्र ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(११) मधली सेवेतली त्रुटी आहे. तक्रार त्यावर उभी करा.

त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागेल, आणि इथे आपण नागपूरकर नशीबवान आहोत. अमरावती रोडवरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या एलआयटीत (आता ते विद्यापीठ झालं आहे), रंग आणि पृष्ठलेपन हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे. तिथे रीतसर अर्ज करून तपासणी होते का, फी किती, हे विचारा. धातूच्या बाजूने व्हीएनआयटी या इथल्या अभियांत्रिकी संस्थेतही विचारता येईल. प्रश्न मोजके आणि नेमके विचारा : नवा पत्रा जोडला आहे का, लांबीची जाडी किती, प्रायमरचा थर आहे का, गंज रंगाच्या आधीचा की नंतरचा. तोवर घरच्या घरी एक चाचणी करून तिचं चित्रण ठेवा. साधं लोहचुंबक डिकीच्या तळावर फिरवा. पत्र्यावर ते घट्ट बसेल, जाड लांबी असेल तिथे बसणार नाही. आयोग यावर निकाल देणार नाही, पण तज्ज्ञाने कुठे बघायचं ते कळेल. कुठेही पेटवून, तापवून रंग काढू नका आणि कोणाला काढू देऊ नका. या गाडीची पेट्रोलची टाकी त्याच तळाखाली आहे.

रंगाचे डबे आपण दिले होते, म्हणून ‘रंगच खराब होता’ असं तो म्हणणारच. रिकामे डबे फेकले नसतील अशी आशा आहे. एखाद्यात थोडा रंग उरला असेल तर झाकण बंद करून ठेवा, तो तुलनेचा नमुना ठरेल. हा रंग पाण्यातला असतो आणि उघड्या लोखंडावर थेट मारला तर लोखंडाला गंज धरतो, म्हणून खाली प्रायमर लागतोच. डब्यावर ती सूचना छापलेली असेल तर तिचा जवळून फोटो घ्या.

आता आपली दुबळी बाजू. व्हॉट्सअ‍ॅपवर गॅरेजवाल्याने विचारलं होतं, ‘वरून क्लिअर मारायचा का? ३,५०० वेगळे.’ क्लिअर म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. आपण ‘नको’ लिहिलंत. पाण्यातल्या ठिपकेदार रंगावर क्लिअर नसेल आणि पाणी साचून राहिलं तर रंग मऊ पडून सुटू शकतो. मागच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांतून पाणी डिकीत उतरणं हा त्या काळच्या या गाड्यांचा जुना रोग आहे, आणि काचेचं रबर बदलायचं काम आपण त्याला दिलंच नव्हतं. तेव्हा वरचा रंग सुटला त्याचा काही भाग आपल्या माथी येऊ शकतो. ते संदेश लपवू नका. ते त्याच्याही फोनमध्ये आहेत. आपण एवढंच म्हणायचं की क्लिअर नसल्याने रंग सुटेल, पण लांबीखाली जुना गंज तयार होणार नाही. संदेश दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोरपणे चिकटत नाही, तरी हरकतीला जागा कशाला ठेवायची?

‘गॅरंटी नाही’ या शिक्क्याला फार घाबरू नका. काम झाल्यावर हातात दिलेल्या बिलावरचा शिक्का हा करार ठरवताना मान्य केलेली अट नसतो. शिवाय रंगाची गॅरंटी नसणं आणि पत्र्याचं काम न करणं यांत फरक आहे. एक तांत्रिक सावधगिरी मात्र पाळा : तक्रारीत ‘अनुचित करार’ अशी मागणी घालू नका. तो विषय जिल्हा आयोगाच्या अधिकारात नाही, राज्य आयोगाकडे जातो. आपण सेवेतली त्रुटी म्हणा, आणि पक्कं बिल दिलं नाही म्हणून अनुचित व्यापारी प्रथा म्हणा. तेवढं पुरे.

आधी स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या. ती कायद्याने बंधनकारक नाही, पण असे बरेच गॅरेजवाले नोटीस पाहून बोलणीला येतात. नाही आला तर नागपूर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. दिलेला मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने फी लागत नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरूनच दाखल करता येते आणि वकील नेमणंही सक्तीचं नाही. माझ्या पोटावर पाय देणारं वाक्य आहे, पण खरं आहे. मुदत दोन वर्षांची आहे. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चाला. मध्येच आयोगाने मध्यस्थी सुचवली तर नाही म्हणू नका.

मागताना हात आखडा. ६६,००० परत हवेत आणि दुसऱ्या पेंटरचे ७२,००० ही हवेत, असं दोन्ही मागाल तर एकाच नुकसानीची दोनदा भरपाई मागितल्यासारखं होईल. दिलेले पैसे परत, तज्ज्ञाची फी, तक्रारीचा खर्च आणि मानसिक त्रासाची माफक रक्कम मागा. वडिलांची आठवण म्हणून ५ लाख मागायचा आपला विचार मला समजतो; सदस्यांनाही समजेल, पण ते देणार नाहीत.

आरसी वडिलांच्या नावावर आहे म्हणून तक्रार अडत नाही. काम आपण दिलं, पैसे आपल्या खात्यातून गेले, म्हणजे ग्राहक आपणच. ‘एकदोन लग्नांना गाडी दिली, पेट्रोलपाणी घेतलं’ असंही आपण लिहिलं आहे. भाड्याने देत असाल तर समोरचा ‘व्यावसायिक उद्देश’ म्हणून तक्रारच उडवायला बघेल, तेव्हा खरोखर किती वेळा आणि किती घेतलं ते मला आधी कळवा. वरातीचे फोटो फेसबुकवर असतातच.

आरसीचं काम मात्र तीन वर्षं रखडलं, ते ठीक नाही. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करायचा असतो. आता उशिराचा दंड भरून, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि आईचं व भावंडांचं ना-हरकत पत्र घेऊन जा. गाडीची नोंद ज्या कार्यालयात आहे तिथेच जायचं. गाडी पन्नास वर्षांपुढची असल्याने २०२१ च्या नियमांखाली ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणीही करता येईल, पण तीही आपल्या नावावर आल्यावरच. तिथे चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल नसावा अशी अट आहे. डिकीच्या तळाला त्याच आकाराचा पत्रा जोडणं हा माझ्या मते तसा बदल नाही, आणि आतला रंग आरसीवर नोंदलेलाच नसतो. तरी दुसऱ्या पेंटरला काम देताना आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो काढून ठेवायला सांगा, आणि या वेळी क्लिअरला ‘हो’ म्हणा.

नोटिशीसाठी मूळ बिल, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपचा पूर्ण संवाद, ‘नको’ सकट, घेऊन या.