जुलाब कमी झाले, पोट मात्र फुगलं : अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये याला आराम समजू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाला ४ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा आजार, आहे. गेल्या आठवड्यात दिवसाला १०-१२ वेळा रक्त पडत होतं. परवा मेडिकलमधून जुलाब थांबवायला लोपेरामाइड आणि मुरड्यासाठी डायसायक्लोमिन आणलं. आता जुलाब ३ वर आलेत, पण पोट नगाऱ्यासारखं फुगलंय आणि ताप आहे. बाकीचं नंतर वाचा, आधी त्याला सर्जन आणि आयसीयू दोन्ही असलेल्या रुग्णालयात इमर्जन्सीत न्या. सोमवारच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्या दोन्ही गोळ्या आत्ताच बंद करा. स्टिरॉइड चालू असेल तर ते मात्र मनाने थांबवू नका.

भीती आहे ती टॉक्सिक मेगाकोलनची, म्हणजे मोठं आतडं लुळं पडून जीवघेणं फुगण्याची. एरवी या आजारात सूज मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती असते. ती खोल स्नायूपर्यंत उतरली की तिथे नायट्रिक ऑक्साइड वाढतं आणि स्नायू ढिला पडतो. आतडं आकुंचन पावेनासं होतं, वायू आणि मळ आतच तुंबतो, भिंत ताणली जाऊन पातळ होते. जुलाब कमी होतात ते यामुळे. लोपेरामाइड, डायसायक्लोमिन, दुखण्यावरचे ट्रामाडॉल आणि कोडीन ही सगळी औषधं आतड्याची हालचाल आणखी मंद करतात. त्यात जुलाबांतून पोटॅशियम गेलेलं असतं, स्टिरॉइडने ते अजून उतरतं, आणि पोटॅशियम कमी असलं की आतड्याचा स्नायू आणखीच लुळा पडतो.

रुग्णालयात सगळ्यात आधी पोटाचा साधा एक्स-रे काढतील. मोठ्या आतड्याच्या आडव्या भागाची रुंदी ६ सेंटिमीटरच्या वर असेल तर धोका. सोबत १९६९ मधले जलान यांचे निकष पाहतात: ताप ३८.६ अंश सेल्सिअसच्या वर, नाडी १२० च्या वर, पांढऱ्या पेशी १०,५०० च्या वर, रक्तक्षय. यांपैकी ३, आणि शिवाय शरीरातलं पाणी कमी होणं, बीपी उतरणं, क्षारांचा बिघाड, भान हरपणं यांपैकी एक असेल तर टॉक्सिक मेगाकोलन धरतात. या अवस्थेत पूर्ण कोलोनोस्कोपी करत नाहीत, कारण आत हवा भरल्यावर आतडं फुटू शकतं. गरज पडली तर पोट साफ करण्याचं औषध न देता फक्त शेवटच्या भागापर्यंत दुर्बीण घालून तुकडा घेतात, सीएमव्ही विषाणू आहे का ते बघायला.

शौचाची तपासणी झाली का, हे आवर्जून विचारा. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जिवाणू आणि आपल्याकडे अमिबा, दोन्हींची. अमिबाचा कोलायटिस हुबेहूब असाच दिसतो आणि त्यात नुसतं स्टिरॉइड दिलं तर रोग भडकतो.

उपचार साधारण असे: तोंडाने खाणं बंद, सलाईन, पोटॅशियम-मॅग्नेशियम भरून काढणं, शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम दर ६ तासांनी, अँटिबायोटिक. हेपरिनचं इंजेक्शनही देतात. शौचातून रक्त जात असताना रक्त पातळ करायचं औषध का, म्हणून नातेवाईक घाबरतात आणि अडवतात. अडवू नका. आजार उसळलेला असताना पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका बराच वाढलेला असतो. एक पोटरी सुजली किंवा एकाएकी दम लागला तर लगेच सांगा.

स्टिरॉइडचा एक फसवा गुण नर्सला आणि घरच्यांना माहीत असावा: आतडं फुटलं तरी ताप आणि पोटाचा ताठरपणा त्यामुळे झाकला जातो. म्हणून पेशंट 'आता दुखत नाही' म्हणाला तरी नाडीकडे लक्ष ठेवा. ती चढत असेल तर पुन्हा एक्स-रे मागा. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसली तर आतडं फुटलंय.

२४ ते ७२ तासांत उतार पडला नाही तर शस्त्रक्रिया करावी लागते. मोठं आतडं काढतात, गुदाशय ठेवतात, लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून पिशवी लावतात. पुढे लहान आतड्याचाच आत पाऊच (मळ साठवायची जागा) करून पोटावरची पिशवी काढणं बऱ्याच जणांत जमतं. माझं स्पष्ट मत, पिशवीच्या धास्तीने संमतीची सही लांबवू नका. आतडं फुटल्यानंतरच्या शस्त्रक्रियेत जीव जाण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. इन्फ्लिक्सिमॅब या सूज दाबणाऱ्या औषधाचा विषय निघाला तर दोन गोष्टी विचारा: त्यापायी शस्त्रक्रिया लांबतेय का, आणि टीबीची तपासणी झाली का.

निघताना फाईल, शेवटचा कोलोनोस्कोपी रिपोर्ट आणि दिलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप घ्या. वाटेत खायला काही देऊ नका. कॅज्युअल्टीत पोचताच एवढंच सांगा: "अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, लोपेरामाइड दिलं होतं, जुलाब कमी झालेत आणि पोट फुगलंय."