अन्नावर ‘वासना’ नाही म्हणजे अपचन का?

फोंड्याहून एका ताईंनी विचारलंय: सासूबाई (वय ७८) महिनाभर म्हणताहेत, ‘माझी अन्नावर वासनाच नाही.’ पुण्याहून आलेली नातवंडं त्यावर फिदीफिदी हसली. वैद्यांनी कागदावर ‘अग्निमांद्य’ लिहिलं, आम्ही विचारणाऱ्यांना ‘अपचन’ सांगतो. यातलं बरोबर काय, आणि वासना हा शब्द इथे चालतो का?

चालतो म्हणजे काय, सगळ्यांत नेमका शब्द तोच आहे. वासना म्हणजे इच्छा, ओढ. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की आपण ‘कशात तरी वासना अडकलीय’ म्हणतो, तेव्हा कोणी हसत नाही. सिनेमांनी आणि गुन्हेगारीच्या बातम्यांनी या शब्दाचा एकच अर्थ शिल्लक ठेवला, त्याला सासूबाई काय करणार?

त्या खाण्याची ओढ नाही म्हणताहेत. तुम्ही सांगताय ते ‘अपचन’ खाल्ल्यानंतरचं. ‘पच्’ म्हणजे शिजवणं. चुलीवर एकदा शिजलेलं पोटात पुन्हा शिजतं, अशी ती कल्पना. ते शिजलं नाही की करपट ढेकर, पोटाला तडस, जळजळ. ज्याने दोन घासही घेतलेले नाहीत त्याला अपचन झालं म्हणणं म्हणजे न पेटलेल्या चुलीवर भात करपला म्हणण्यासारखं. वैद्यांच्या ‘अग्निमांद्य’त मात्र दोन्ही बसतं. अग्नी मंद झाला की भूक लागत नाही आणि खाल्लेलं पचतही नाही.

‘अजीर्ण’ची गंमत वेगळीच. त्याचा धातू ‘जॄ’, झिजणं, जुनं होणं. देवळाच्या जीर्णोद्धारातलं ‘जीर्ण’ आणि अजीर्णातलं ‘जीर्ण’ एकच. म्हातारपणाची ‘जरा’ही त्याच घरातली. पोटात अन्न जीर्ण व्हावं लागतं, तेच आपलं ‘जिरणं’. आपल्याकडे कोकणीतही ‘खाल्लें जिरना’ म्हणतात. जिऱ्याला संस्कृतात ‘जरण’ असंही नाव आहे, जिरवणारं ते. म्हणजे माणूस जीर्ण होतो तेव्हाच अन्न जीर्ण होईनासं होतं. हा योगायोग मला उगाच आवडतो.

आयुर्वेदात अन्न नकोसं होण्याचेही प्रकार केलेत. तोंडात घातलेलं अन्न रुचत नाही तो ‘अरोचक’. अन्न नुसतं दिसलं, आठवलं तरी नको वाटतं तो ‘भक्तद्वेष’. इथला भक्त देवळातला नव्हे. भक्त म्हणजे शिजवलेलं अन्न, त्याचंच प्राकृतात ‘भत्त’ आणि मराठीत ‘भात’. गोव्यात भाताचा द्वेष करणारा माणूस सापडला तर तो आजारीच असणार!

हे बारकावे पंडिती वाटतील, पण घरचा अनुभव सांगतो. माझी आई डिचोलीला असते, वय ८२. दोन घास खाऊन ताट सारायची, ‘पुरे रे.’ आम्ही ‘अपचन, अपचन’ करत महिनाभर ओवा, हिंगाष्टक, आमसुलांची फुटी कढी असा मारा केला. एका सकाळी उकड्या तांदळाची पेज दिली, तर वाटीभर गटागटा प्यायली. वर मिठातलं तोर (खारवलेली कैरी) घेतलं आणि चावताना कळवळली. कवळी हिरडीला घासून जखम झाली होती! वासना शाबूत होती, अग्नीही होता. चुकला होता तो आमचा शब्द.

म्हणून डॉक्टरकडे जाताना ‘अपचन’ हे आपलं भाषांतर नेऊ नका, सासूबाईंचं वाक्य जसंच्या तसं न्या. ‘वासना नाही’ म्हटलं की डॉक्टर औषधांची यादी बघतील (मधुमेहाची मेटफॉर्मिनसुद्धा काहींची भूक मारते), मन उदास आहे का विचारतील. ‘चव नाही’चा रोख वेगळा. उतारवयात वास आणि चव बोथट होतात, तोंड कोरडं पडतं. ‘दोन घासांत पोट भरतं’ हे तर आवर्जून सांगावं. त्यावर थोडं थोडं, चार-पाच वेळा खाणं सोसतं, पण ते नव्याने सुरू झालं असेल तर तपासणी हवीच. आणि ५० किलोच्या माणसाचं सहा महिन्यांत अडीच किलो वजन आपोआप उतरलं, घास अडकू लागला, उलट्या होत राहिल्या किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर शब्दचर्चा बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा.

जाता जाता: तुमच्या पत्रात ‘अग्नीमांद्य’ झालंय. सुटा शब्द ‘अग्नी’, पण समासात ‘ग्नि’ ऱ्हस्व: अग्निमांद्य, अग्निहोत्र. ‘मंदाग्नी’त तो शेवटी आला की पुन्हा दीर्घ.